जेट एअरवेज आणि अबूधाबी : भागीदारी कशी जुळली, कशी तुटली आणि तिकिटांच्या पैशांचं काय झालं

पाळी (डिचोली) : आपल्या खाणपट्ट्यात ‘गल्फ’ म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. कोण कुवेतला, कोण मस्कतला, कोण अबूधाबीला. जहाजावर जाणारे तारवटीसुद्धा बऱ्याचदा आखातातल्याच एखाद्या विमानतळावरून पुढे जातात. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी पहिल्यांदा बंद झाल्या आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद झाल्या. दोन्ही वेळा ट्रक आणि बार्जवर पोट असलेल्या घरांत बाहेरच्या नोकरीचा विषय निघाला. साधारण याच काळात एक भारतीय विमान कंपनी आणि आखातातली एक राजधानी यांची मोठी जोडी जमली आणि मोडलीही. कंपनी जेट एअरवेज, राजधानी अबूधाबी. ही विमानं २०१९ पासून बंद आहेत, पण तिकीट, रिफंड, राहिलेला पगार, बुडालेले शेअर या निमित्ताने विषय अजून निघतो. म्हणून सगळी माहिती एका ठिकाणी देत आहोत.

एक खुलासा आधीच केलेला बरा. संयुक्त अरब अमिरातीची राजधानी अबूधाबी आहे, दुबई नव्हे. दुबईची विमान कंपनी एमिरेट्स, अबूधाबीची एतिहाद. ‘एतिहाद’ या शब्दाचा अर्थ एकी, संघ. ही सरकारी मालकीची कंपनी २००३ मध्ये स्थापन झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तिची विमानं उडू लागली. म्हणजे वयाने ती जेटपेक्षा दहा वर्षांनी लहान.

आखाताचं नातं एतिहादच्याही आधीचं

जेट आणि आखात यांचा संबंध २०१३ च्या सौद्यापासून सुरू झाला असं बहुतेक बातम्यांत लिहिलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे. जेटचे संस्थापक नरेश गोयल मूळचे पंजाबातल्या संगरूरचे. विमानसेवा सुरू करण्याआधी त्यांची उमेदवारी गेली ती अरब देशांच्या विमान कंपन्यांची तिकिटं विकण्यात. लेबनॉन, इराक, जॉर्डन अशा देशांच्या कंपन्यांसाठी त्यांनी काम केलं आणि १९७४ मध्ये ‘जेटएअर’ नावाची स्वतःची एजन्सी काढली. परदेशी विमान कंपन्यांची भारतातली विक्री सांभाळणं हा तिचा धंदा. तेव्हा गल्फात तेलाचा पैसा वाहू लागला होता, आपल्याकडून माणसं जात होती आणि प्रत्येकाला तिकीट लागत होतं.

आकाश खासगी कंपन्यांना खुलं झालं तेव्हा गल्फच्या या तिकीट-धंद्यातली माणसंच पुढे आली, हे ध्यानात घेण्यासारखं आहे. ईस्ट-वेस्ट एअरलाइन्स ही त्या काळातली पहिली मोठी खासगी कंपनी. ती काढणारं केरळचं वाहिद कुटुंब मुंबईत गल्फला जाणाऱ्यांच्या भरतीच्या आणि प्रवासाच्या व्यवसायात होतं. तिचे प्रमुख तकीउद्दीन वाहिद यांची नोव्हेंबर १९९५ मध्ये मुंबईत हत्या झाली आणि पुढच्या वर्षी ती कंपनी बंद पडली. ती कथा वेगळी, इथे एवढंच पुरे.

जेटचं पहिलं विमान ५ मे १९९३ रोजी उडालं. भाड्याने घेतलेली चार बोइंग ७३७ विमानं, एवढाच संसार. भांडवलात गल्फ एअर आणि कुवेत एअरवेज यांचा प्रत्येकी २० टक्के वाटा होता. यातली गल्फ एअर त्या काळात एका देशाची नव्हती. बहरीन, कतार, ओमान आणि अबूधाबी अशी चौघांची ती भागीदारी होती. म्हणजे हिशेब केला तर जेटच्या पहिल्या दिवसापासून तिच्यात अबूधाबीचा थोडा पैसा होताच, फक्त नाव दुसऱ्याचं होतं.

ते फार दिवस टिकलं नाही. परदेशी विमान कंपन्यांनी भारतीय विमान कंपनीत भांडवल ठेवू नये असं धोरण केंद्र सरकारने आणलं आणि १९९७ मध्ये गल्फ एअर आणि कुवेत एअरवेज या दोघांनाही बाहेर पडावं लागलं. इतर देशांतले गुंतवणूकदार चालतील, पण विमान कंपनी चालणार नाही, असा तो अजब नियम. टाटा आणि सिंगापूर एअरलाइन्स यांचा मिळून कंपनी काढण्याचा बेतही त्याच काळात अडकला. नियम नेमका कोणाच्या सोयीचा होता यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. परिणाम असा की देशातल्या आकाशात जेटला बरीच वर्षं तुल्यबळ असा प्रतिस्पर्धी राहिला नाही.

पुढे अबूधाबीनेही गल्फ एअरमधून २००५ मध्ये अंग काढून घेतलं, कारण तोवर घरची एतिहाद उभी राहिली होती.

गल्फचं दार २००८ ला उघडलं

जेट २००४ मध्ये पहिल्यांदा देशाबाहेर उडाली ती कोलंबोला. २००५ मध्ये लंडन. त्याच वर्षी कंपनी शेअर बाजारात आली, ११०० रुपयांना एक शेअर. पण सगळ्यात जास्त माणसं जिथे जातात ती आखाताची वाट खासगी कंपन्यांना बंद होती. ती एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्ससाठी राखून ठेवलेली. सरकारी कंपन्यांची भरवशाची कमाई तिथलीच. कुवेतच्या युद्धात १९९० मध्ये दीड लाखाहून जास्त भारतीयांना एअर इंडियानेच परत आणलं होतं, त्यामुळे ‘आमचा हक्क’ असं म्हणायला त्यांच्याकडे कारणही होतं.

जानेवारी २००८ पासून हे राखीवपण संपलं आणि जेट कुवेत, बहरीन, मस्कत, दोहा, अबूधाबी, दुबई अशा मार्गांवर उतरली. प्रवाशाला पर्याय मिळाला. पण कंपनीसाठी वेळ चुकीची होती. २००७ मध्ये जेटने एअर सहारा १४५० कोटींना विकत घेतली होती, लांब पल्ल्याची मोठी विमानं घेतली होती आणि २००८ मध्ये तेलाचे भाव भडकले. त्यातच इंडिगोसारख्या स्वस्त तिकिटांच्या कंपन्या मैदानात होत्या. कर्ज वाढत गेलं ते पुन्हा म्हणावं तसं उतरलं नाही.

२४ एप्रिल २०१३

किंगफिशर धापा टाकत होती तेव्हा, सप्टेंबर २०१२ मध्ये, केंद्राने धोरण फिरवलं. परदेशी विमान कंपनीला भारतीय विमान कंपनीत ४९ टक्क्यांपर्यंत वाटा घेता येईल, असा नवा नियम आला. पुढच्याच महिन्यात किंगफिशरची विमानं थांबली, म्हणजे तिला त्याचा उपयोग झालाच नाही. उपयोग झाला तो जेटला.

२४ एप्रिल २०१३ रोजी जेट आणि एतिहाद यांचा करार जाहीर झाला. एतिहादने २४ टक्के वाटा घ्यायचा, एका शेअरला ७५४ रुपये ७४ पैसे, एकूण सुमारे २०५८ कोटी रुपये. डॉलरमध्ये ३७ कोटी ९० लाख. बाजारभावापेक्षा हा दर बराच चढा होता. याशिवाय आणखी दोन व्यवहार होते आणि बारकाईने पाहायला हवेत ते तेच.

पहिला लंडनच्या हीथ्रो विमानतळाचा. तिथे विमान उतरवायची आणि उडवायची ठरलेली वेळ ही जमिनीच्या तुकड्यासारखी विकली जाते. जेटच्या अशा वेळांच्या तीन जोड्या एतिहादने ७ कोटी डॉलरना घेतल्या आणि जेटलाच भाड्याने दिल्या. घर विकून त्याच घरात भाडेकरू व्हावं, तसं.

दुसरा ‘जेटप्रिव्हिलेज’चा. वारंवार उडणाऱ्या प्रवाशांना गुण देणारी ही योजना वेगळ्या कंपनीत टाकून तिचा ५०.१ टक्के वाटा एतिहादने १५ कोटी डॉलरना घ्यायचा ठरला. जेट बुडाल्यावरही ही कंपनी जिवंत राहिली, ‘इंटरमाइल्स’ या नव्या नावाने. विमान गेलं, पॉइंट राहिले!

करार झाला त्याच दिवशी भारत आणि अबूधाबी यांच्यात दुसरा एक सरकारी समझोता झाला. दोन देशांमध्ये आठवड्याला किती आसनं उडवायची हे सरकारं ठरवतात. अबूधाबीसाठी हा आकडा आठवड्याला १३,३३० होता. तो तीन वर्षांत ५० हजारांवर न्यायचं ठरलं, प्रत्येक बाजूला. विरोधक तुटून पडले ते यावरच. एका खासगी कंपनीचा सौदा जमावा म्हणून देशाचा हवाई हक्क वाटून टाकला, असा आरोप झाला. सुब्रमण्यम स्वामी सर्वोच्च न्यायालयात गेले. सरकारचं म्हणणं होतं की प्रवासी वाढताहेत, आसनं लागणारच. दोन्ही बाजूंत तथ्य होतं असं आमचं मत. गल्फच्या माणसाला जास्त विमानं हवीच होती. पण ती देण्याचा दिवस एवढा नेमका जुळावा, याची शंका येणं स्वाभाविक होतं.

कंपनीचा ताबा खरोखर कोणाकडे जाणार, हाही प्रश्न होता. करारातली काही कलमं बदलावी लागली, संचालक मंडळावर एतिहादच्या जागा तीनवरून दोनवर आणल्या गेल्या. शेवटी गोयल ५१ टक्के, एतिहाद २४ टक्के, बाकी २५ टक्के लोकांकडे असं ठरलं. स्पर्धा आयोगाची मंजुरी नोव्हेंबर २०१३ मध्ये आली आणि त्याच महिन्यात पैसे जमा झाले.

प्रवाशाला काय मिळालं

सोप्या भाषेत सांगायचं तर अबूधाबी हा मोठा जंक्शन झाला. पूर्वी मिरजेला उतरून गाडी बदलत, तसं अबूधाबीला उतरायचं आणि पुढचं विमान धरायचं. जेट भारतातल्या वेगवेगळ्या शहरांतून माणसं तिथे आणून सोडणार, एतिहाद ती युरोप-अमेरिकेला नेणार. एकाच तिकिटावर दोन कंपन्या, सामान थेट शेवटच्या मुक्कामी. दाबोळीहून अबूधाबीला जेटची थेट सेवा होती ती याच काळातली. त्याआधी बऱ्याच जणांना मुंबईला जाऊन तिथे देशी टर्मिनलवरून परदेशी टर्मिनलला सामान ओढत न्यावं लागे. पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला, विशेषतः स्विंडनला जाणाऱ्या गोंयकारांनाही ही वाट सोयीची होती.

अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी एक जादा सोय होती. जानेवारी २०१४ पासून अबूधाबी विमानतळावरच अमेरिकेची पासपोर्ट आणि कस्टम तपासणी होऊ लागली. तिथे शिक्का पडला की न्यूयॉर्कला उतरून लांब रांगेत उभं राहायला नको.

आता दुसरी बाजू. जंक्शन अबूधाबीला झालं म्हणजे ते मुंबईत झालं नाही. जेटचं स्वतःचं युरोपातलं केंद्र ब्रसेल्सला होतं, तिथून विमान अमेरिका-कॅनडाला जायचं. ते २०१६ मध्ये ॲम्स्टरडॅमला हललं. जेटची काही मोठी बोइंग ७७७ विमानं तर एतिहादनेच भाड्याने घेतली. देशातल्या लोकांना जगात नेणारी कंपनी हळूहळू दुसऱ्याच्या विमानाला माणसं पुरवणारी होत चालली, ही तक्रार तेव्हाही होती. पैसा हवा असेल तर किंमत मोजावी लागते, हे खरंच. पण किंमत जरा जास्तच होती असं आज मागे वळून पाहताना वाटतं.

१८ मार्च २०१९

एतिहादने हाच प्रयोग इतरत्रही केला होता. एअर बर्लिन, अलिटालिया, एअर सर्बिया, एअर सेशेल्स, व्हर्जिन ऑस्ट्रेलिया अशा कंपन्यांत तिचे वाटे होते. २०१७ मध्ये एअर बर्लिन आणि अलिटालिया दोन्ही दिवाळखोरीत गेल्या. ही योजना आखणारे प्रमुख जेम्स होगन त्याच वर्षी पायउतार झाले. नवीन व्यवस्थापनाला बुडत्या भागीदारात आणखी पैसा ओतायचा नव्हता. जेटला मदत लागली ती नेमकी त्यानंतर.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये जेटने तिमाहीचे आकडे जाहीर करायला उशीर केला. आकडे आले तेव्हा तोटा १३२३ कोटींचा होता. पगार लांबू लागले. ३१ डिसेंबर २०१८ ला बँकांचा हप्ता चुकला. स्टेट बँकेच्या पुढाकाराने योजना आखली गेली. गोयल यांनी बाजूला व्हावं, बँकांनी ताबा घ्यावा, एतिहादने पैसे टाकावेत. एतिहादने हात आखडता घेतला. त्या वेळच्या बातम्यांनुसार ती आपला वाटा स्टेट बँकेला शेअरमागे १५० रुपयांनी विकायलाही तयार होती. सहा वर्षांपूर्वी तोच शेअर तिने ७५४ ला घेतलेला.

भाडं थकल्यामुळे विमानं एकेक करून जमिनीवर उभी राहिली. १८ मार्च २०१९ ला जेटने अबूधाबीहून सुटणारी आपली सगळी उड्डाणं थांबवली. ज्या शहराच्या भरवशावर कंपनीने सहा वर्षं काढली, तिथलीच सेवा आधी गेली. गोव्यात त्या दिवशी कोणाचं तिकडे लक्ष असणं शक्य नव्हतं. आदल्या संध्याकाळी मनोहर पर्रीकर यांचं निधन झालं होतं.

२५ मार्चला नरेश गोयल आणि अनिता गोयल संचालक मंडळावरून उतरले. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसर–मुंबई हे शेवटचं विमान उतरलं आणि जेट थांबली. मे महिन्यात बँकांनी मागवलेल्या बोलीत अंतिम प्रस्ताव देणारी निवडक कंपन्यांतली एकटी एतिहादच होती, तीसुद्धा फक्त छोटा वाटा घेऊ असं म्हणणारी. त्यातून काही निघालं नाही. जूनमध्ये प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे दिवाळखोरीत गेलं.

त्यानंतर पुन्हा आखाताचाच माणूस आला. अमिरातीत व्यवसाय असलेले मुरारीलाल जालान आणि लंडनची कालरॉक कॅपिटल यांच्या योजनेला जून २०२१ मध्ये मंजुरी मिळाली. योजना ४७८३ कोटींची. पहिला हप्ता ३५० कोटींचा, त्यातले २०० कोटी आले आणि पुढे कोर्टकज्जे. ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने हे सगळं थांबवलं, भरलेले २०० कोटी जप्त केले आणि कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला. दरम्यान सप्टेंबर २०२३ मध्ये कॅनरा बँकेच्या ५३८ कोटींच्या कर्ज प्रकरणात ईडीने गोयल यांना अटक केली होती, पुढे त्यांना आजारपणाच्या कारणावरून जामीन मिळाला.

पैसे कोणाला, कोणत्या क्रमाने

आमच्याकडे सर्वांत जास्त विचारला जातो तो हाच प्रश्न, त्यामुळे जरा सविस्तर.

कंपनी मोडीत निघाली की तिची मालमत्ता विकून आलेला पैसा दिवाळखोरी कायद्याच्या कलम ५३ प्रमाणे वाटला जातो. आधी प्रक्रियेचा खर्च. मग कामगारांची २४ महिन्यांची देणी आणि तारण असलेल्या बँका, दोघेही एकाच पायरीवर. त्यानंतर इतर कर्मचाऱ्यांचा १२ महिन्यांपर्यंतचा पगार. मग विनातारण कर्ज देणारे, मग सरकारी देणी, मग उरलेली सगळी देणी. सर्वांत शेवटी शेअरधारक. प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी फंडातला पैसा या वाटणीत धरता येत नाही, तो कर्मचाऱ्याचाच.

तिकिटाचे पैसे अडकलेला प्रवासी ‘उरलेली देणी’ या पायरीवर येतो. बँकांचेच हजारो कोटी थकलेले असताना त्याच्यापर्यंत काय पोहोचणार याचा अंदाज करता येतो. आणि एतिहादचा २४ टक्के वाटा? तोही शेअरच. तो तर तिकीटवाल्याच्याही खाली.

ज्यांचे पैसे २०१९ मध्ये परत आले त्यांपैकी अनेकांना ते कार्डामुळे आले. क्रेडिट किंवा डेबिट कार्डाने थेट पैसे भरलेले असतील आणि सेवा मिळालीच नसेल, तर बँकेकडे व्यवहार उलटवण्याची मागणी करता येते. तिला मुदत असते, त्यामुळे कंपनी बंद पडल्याची बातमी आली की ‘बघूया काय होतं’ म्हणत बसायचं नाही, लगेच बँकेला लेखी कळवायचं. एजंटकडे रोख दिलेल्यांना एजंटच्या मागे फिरावं लागलं.

दुसरा मुद्दा तिकिटाच्या नंबराचा, आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. दोन कंपन्यांच्या संयुक्त प्रवासात विमानावर कोणाचं नाव रंगवलंय याला महत्त्व नाही, तिकीट कोणी काढून दिलं याला आहे. ई-तिकिटावर तेरा आकडी नंबर असतो. त्याचे पहिले तीन आकडे कंपनी सांगतात. जेटचे ५८९, एतिहादचे ६०७. प्रवासाचा एक टप्पा जेटचा असला तरी तिकीट ६०७ ने सुरू होत असेल, तर दाद एतिहादकडे मागायची होती, आणि एतिहाद चालू होती. ५८९ वाला मात्र अडकला. आजही हा नियम तसाच आहे. एअर इंडियाचे आकडे ०९८, इंडिगोचे ३१२. संयुक्त तिकीट काढताना एजंटला नंबर विचारून घ्यावा, त्याला राग आला तरी.

आता काय स्थिती

जेट गेल्यावर तिच्या वाट्याची आखाताची आसनं इतर भारतीय कंपन्यांना वाटली गेली. त्यात सर्वांत पुढे सरकली इंडिगो. पेडण्यात मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन होऊन ५ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला, आणि इंडिगोने अबूधाबीची थेट सेवा सुरू केली ती याच विमानतळावरून. ओमान एअर आणि कतार एअरवेज यांनीही दाबोळी सोडून मोपा धरलं. दक्षिणेतल्या टॅक्सीवाल्यांची त्यावर नाराजी आहे, ती समजण्यासारखी आहे. पण डिचोली, सत्तरी, पेडणे, दोडामार्ग, सावंतवाडी इथल्या गल्फवाल्याला मांडवी-झुवारी ओलांडून वास्कोपर्यंत जाण्यापेक्षा मोपाच जवळ पडतो.

मोपावरही एक कंपनी बंद पडण्याचा अनुभव लगेच आला. गो फर्स्टची विमानं मे २०२३ च्या सुरुवातीला अचानक थांबली, विमानतळ सुरू होऊन चार महिनेच झाले होते. तेव्हाही तिकीटवाल्यांची रांग तीच, कलम ५३ तेच.

जेटचे माजी कर्मचारी, ज्यांची पीएफ, ग्रॅच्युइटी किंवा पगाराची बाकी आहे, त्यांनी आपला दावा दाखल आहे का आणि मान्य झालेली रक्कम किती, हे लिक्विडेटरकडे तपासून घ्यावं. नेमणूक पत्र, पगाराच्या स्लिपा आणि पीएफचा यूएएन क्रमांक जवळ ठेवावा. कर्मचारी गल्फात असेल तर घरातल्या माणसाच्या नावे अधिकारपत्र करून पाठवता येतं. ते तिथल्या भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून घ्यावं लागतं. अबूधाबीत दूतावास आहे, दुबईत वाणिज्य दूतावास.